मनीऑर्डरच्या दोन टोकांचा संसार

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास बहुधा गिरण्यांचा, संपांचा आणि चाळींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. परंतु ज्या कामगारांच्या श्रमांवर हा उद्योग उभा राहिला, त्यांचा संसार मुंबईत पुरता मावतच नव्हता, आणि त्या संसाराचा जमाखर्च दोन्ही टोकांनी मांडून पाहिल्यावाचून गिरणीतल्या पगाराचाही अर्थ नीट लागत नाही. मराठीत ‘चूल वेगळी होणे’ याचा अर्थ कुटुंब फुटणे असा होतो. गिरणगावाने मात्र एकाच लग्नाला दोन चुली दिल्या: एक रत्नागिरी, सातारा किंवा कोल्हापूरकडच्या गावातली, जिच्यापुढे बायको, मुले आणि म्हातारी माणसे बसत, आणि दुसरी परळ-लालबागच्या खोलीतली किंवा खानावळीतली, जिच्यापुढे घरधनी बसे. या दोन चुलींमधला व्यवहार टपालाच्या मनीऑर्डरीने, धान्याच्या गाठोड्यांनी आणि गावाकडून येणाऱ्या निरोपांनी चालला, आणि तो शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला.

कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन केली आणि १८५६ मध्ये तिच्यात उत्पादन सुरू झाले. पुढच्या काही दशकांत गिरण्या वाढत गेल्या तशी कोकणातून आणि घाटावरून माणसांची रीघ लागली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभर माणसांमागे जेमतेम सोळा माणसे शहरात जन्मलेली होती, आणि हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशेच स्त्रिया होत्या. याची उलट बाजू रत्नागिरी जिल्ह्यात दिसते. तिथे पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या जास्त असणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट झाली, इतकी की गिरण्या बंद पडल्यानंतरच्या २००१ च्या जनगणनेतही त्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या. जनगणनेच्या कोष्टकांतले हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले की ते दोन वेगळ्या प्रदेशांचे राहत नाहीत. मुंबईत जी बाई कमी दिसते ती कोकणात जास्त दिसते.

बायको गावी का राहिली, याचे उत्तर देताना खोल्यांच्या टंचाईकडे बोट दाखवण्याची रीत आहे आणि ते कारण खरेही आहे. परंतु जमिनीचे कारण त्याहून खोल होते. रत्नागिरी जिल्ह्यात खोती पद्धत होती. खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी वंशपरंपरेने घेतलेला आणि त्या बदल्यात कुळांकडून वसुली करणारा मधला धनी. कुळ अर्धेली असेल तर पिकाचा अर्धा वाटा खोताच्या खळ्यात जाई, आणि शिवाय वेठीची कामे असत. उरलेल्या भातात आणि वरी-नाचणीत वर्ष निघत नसे, म्हणून घरातला कर्ता मुलगा मुंबईस जाई. पण जमीन कसायची सोडली तर तिच्यावरचा हक्क जाई, म्हणून कोणीतरी मागे राहून ती कसणे भाग असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. तोवरच्या दोन-तीन पिढ्यांत अशा अनेक घरांचा जमिनीवरचा हक्क टिकला, तो मागे राहिलेल्या बायकांच्या हातांनी.

या हातांच्या कामाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे, कारण हिशेबात ते कुठेच येत नाही. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा आणि तोडलेली टहाळे शेतात पसरून जाळायची, हिला भाजावळ म्हणतात. मग पेरणी, चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी आणि झोडणी. नांगराला पुरुष लागे म्हणून दीर, सासरा किंवा शेजारचा गडी बोलवायचा आणि त्याची परतफेड आपल्या अंगमेहनतीने करायची. पावसाआधी घराची शाकारणी, म्हणजे छपरावरचा पेंढा बदलणे, आणि आगोटीची बेगमी, म्हणजे मीठ, मिरची, सुकी मासळी, सरपण असा चार महिने पुरेल एवढा साठा. गुरे, मुले, सासू-सासऱ्यांची दुखणी, लग्नाकार्यातला आहेर आणि खोताचा तगादाही तिच्याच वाट्याला. मुंबईत काम करणाऱ्या माणसाच्या आजारपणात किंवा बेकारीत ज्या घरी तो परत येणार होता, ते घर उभे ठेवणे हे या सगळ्या कामांचे एकत्र नाव होते.

सरकारी दप्तराने मात्र या बाईला ‘आश्रित’ या सदरात बसवले. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या कौटुंबिक खर्चाची पाहणी केली आणि तिचा अहवाल जी. फिंडले शिरास यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. भारतातल्या अशा पहिल्या मोठ्या पाहण्यांपैकी ती एक; तिच्यात २,४७३ कुटुंबांचे आणि एकट्याने राहणाऱ्या ६०३ पुरुषांचे जमाखर्च तपासले गेले. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ५२ रुपये निघाले, त्यातला निम्म्याहून अधिक भाग पोटावर खर्च होत होता, आणि ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. या पाहणीचे मोल फार मोठे आहे, कारण तिच्यामुळे कामगाराच्या घरातला मीठ-तेलाचा खर्च पहिल्यांदा छापील कोष्टकात आला. परंतु गावाकडे धाडलेला पैसा तिने निव्वळ खर्चाच्या बाजूला लिहिला. गावातल्या भाताची किंमत, मुले वाढवण्याचे श्रम, म्हातारपणीचा निवारा, हे जमेच्या बाजूला कुठेच नव्हते. वस्तुतः गिरणीमालकाला कामगाराचे म्हातारपण, त्याचे आजारपण आणि त्याच्या मुलांचे बालपण यांपैकी कशाचाही खर्च पगारात धरावा लागला नाही, कारण तो खर्च गावातली बायको उचलत होती. ज्या बाईने एका उद्योगाचा मजुरीखर्च कमी राखला, तिला आश्रित म्हणणे ही भाषेची चूक आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी.

नवऱ्याकडून बायकोकडे पैसा कसा पोहोचे, हा या संसाराचा मर्मभाग आहे. आरंभी गावाला जाणाऱ्या भरवशाच्या माणसाच्या हाती, फडक्यात बांधून, पैसे दिले जात. रक्कम वाटेत कमी होण्याची भीती असे आणि माणूस मिळेपर्यंत थांबावे लागे. सरकारी खजिन्यांमार्फत चालणारे मनीऑर्डरीचे काम १ जानेवारी १८८० पासून टपाल खात्याकडे आले आणि हळूहळू खेड्यापाड्यांतल्या डाकघरांपर्यंत पोहोचले. कोकणाला पुढे ‘मनीऑर्डरवर जगणारा प्रदेश’ हे जे बिरुद मिळाले, त्याची सुरुवात इथे आहे. पगार झाल्यावरच्या दिवसांत गिरणगावातल्या डाकघरांपुढे रांगा लागत. ज्यांना लिहिता येत नसे ते लिहून देणाऱ्याकडे जात. मुंबईच्या मुख्य डाकघराबाहेर मनीऑर्डरी आणि पत्रे लिहून देणाऱ्यांचा तर एक पेशाच तयार झाला.

मनीऑर्डरीचा अर्ज हा लहानसा कागद. पण या लग्नांचा त्याच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. वर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, मग घेणाऱ्याचे नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका आणि जिल्हा, त्याखाली पाठवणाऱ्याचा पत्ता. एका कडेला कूपन असे, म्हणजे चार ओळींचा मजकूर लिहिण्यापुरती मोकळी जागा. पैसे चुकते केल्यावर पोस्टमन हा तुकडा घेणाऱ्याच्या हाती देई. दुसरा तुकडा पोचेचा. त्यावर पैसे मिळाल्याची सही किंवा अंगठा घेतला जाई आणि तो तुकडा टपालाने पाठवणाऱ्याकडे परत जाई. कूपनावर काय मावणार? पावसाआधी शाकारणी करून घ्या, खोताचे एवढे द्या, वाण्याचे एवढे ठेवा, मुलाला शाळेत घाला, शिमग्याला रजा मिळाली तर येतो. पत्र घरात चार जणांसमोर मोठ्याने वाचले जाई, बहुधा पोस्टमन किंवा शाळामास्तर वाचून दाखवी, म्हणून नवरा-बायकोंमधले खासगी बोलणे त्यात येऊच शकत नसे. पैशांच्या वाटणीचा क्रम, म्हणजे कोणते देणे आधी आणि कोणते नंतर, यातच जिव्हाळा आणि काळजी वाचायची असे. आणि काही दिवसांनी मुंबईच्या खोलीत पोच येई, तिच्यावर शाईचा अंगठा. एकाच कागदाच्या एका भागावर नवऱ्याच्या गरजेपोटी दुसऱ्याने लिहून दिलेली अक्षरे आणि दुसऱ्या भागावर बायकोच्या अंगठ्याच्या रेषा, असे हे दांपत्य टपालाच्या थैलीत एकत्र येत असे.

तो अंगठा नेहमीच बायकोचा असे, असे मात्र नाही. एकत्र कुटुंबात मनीऑर्डर सासऱ्याच्या, थोरल्या दिराच्या किंवा सासूच्या नावे येई, आणि सुनेला मीठ-मिरचीपुरते पैसेही मागून घ्यावे लागत. तिच्या नावे पैसे पाठवणे म्हणजे वडीलधाऱ्यांवर अविश्वास दाखवणे, असा समज होता. त्यामुळे बायकोच्या नावावर मनीऑर्डर येऊ लागणे ही घरातल्या सत्तेची खूण ठरे आणि ती बहुधा सासरा वारल्यावर किंवा भाऊ वेगळे झाल्यावर उमटे. या कोंडीत बायकांनी स्वतःची एक वेगळी, अबोल मिळकत उभी केली. अंडी, कोंबडी, परसातले नारळ, कुळीथ, सरपणाची मोळी यांच्या विक्रीचे पैसे पदराच्या गाठीला किंवा कणगीच्या तळाशी जात, आणि घरावर प्रसंग आला की तेच बाहेर निघत. धर्मशास्त्रात स्त्रीधन म्हणून ज्याचे नाव आहे, म्हणजे लग्नात आणि माहेराकडून मिळालेली, तिच्या हक्काची मालमत्ता, ती कष्टकरी घरांत दोन-चार डागांपलीकडे क्वचितच जाई. आणि ते डागही नवऱ्याच्या मुंबईतल्या कर्जापायी सोनाराकडे किंवा मारवाड्याकडे गहाण पडत.

कर्जाचे मूळ पगाराच्या रीतीत होते. वेतनाचा कायदा १९३६ मध्ये होईपर्यंत गिरण्यांतला महिन्याचा पगार साधारणपणे पुढल्या महिन्याच्या मध्याला होई. म्हणजे नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिला पैसा हाती पडेपर्यंत सुमारे दीड महिना उसनवारीवर काढावा लागे. त्यातच काम मिळवून देणाऱ्या जॉबरचे, म्हणजे खात्यातल्या मुकादमाचे, हात ओले करावे लागत. शिरास यांच्या पाहणीत ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती, सरासरी कर्ज अडीच महिन्यांच्या कमाईइतके होते, आणि व्याजाचा नेहमीचा दर वर्षाला ७५ टक्के पडत होता. हा दर ऐकायला अविश्वसनीय वाटतो, पण बोलीत तो अगदी साधा होता: रुपयाला महिना एक आणा. सोळा आण्यांच्या रुपयावर वर्षाला बारा आणे व्याज. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर पठाण सावकार उभे असत आणि पाकीट उघडण्याआधीच त्यातला वाटा ठरलेला असे. गावाकडच्या मनीऑर्डरीची रक्कम एखाद्या महिन्यात का घटली, याचा उलगडा कूपनावर क्वचितच होई.

पठाणाआधी किंवा पठाणानंतर, पण कधीही न चुकणारे दुसरे देणे खानावळीचे. एकट्या पुरुषाला महिन्याच्या ठरावाने दोन वेळचे जेवण घालणारी बाई म्हणजे खानावळवाली. तिच्याही घरी एकच खोली असे, तीच रात्रपाळी करून आलेल्यांची झोपण्याची जागा आणि तीच भाकरी थापण्याची. चाकरमानी गावी गेला तर तेवढे दिवस ‘खाडे’ म्हणून वजा होत. बहुतेक खानावळवाल्या गिरणी कामगारांच्याच बायका होत्या: कुणाचा नवरा आजारी, कुणाचा बेकार, कुणाचा दारूत बुडालेला, कुणी विधवा. त्या महिनाभर आधी जेवू घालत आणि पैसे पगारानंतर घेत. तोवर धान्य, तेल, सरपण वाण्याकडून उधारीवर आणत आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असे. याचा अर्थ असा, की गिरणीने पगार उशिरा देण्याची किंमत शेवटी परळच्या एका खोलीतली बाई व्याजाच्या रूपाने भरत होती. गिरणगावाच्या अर्थकारणावर लिहिणाऱ्यांनी या एका साखळीकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके फार काळ दिले नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली, तेव्हा या धंद्याला स्वतःचे भांडवल असू शकते ही गोष्ट पहिल्यांदा कागदावर आली.

बँकेआधी भिशी होती. दहा-बारा जणींनी दरमहा ठरावीक रक्कम एकत्र करायची आणि चिठ्ठीने किंवा गरजेप्रमाणे ती आळीपाळीने एकेकीला द्यायची, एवढाच तिचा नियम. लेखी करार नाही, तारण नाही. भिशीचा खरा उपयोग असा, की छोटी रक्कम घरात राहिली तर ती मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. भिशीत गेलेली रक्कम नवऱ्यालाही काढता येत नाही. चाळीतल्या कित्येक घरांत मुलाच्या शाळेची फी, सुटवलेले मंगळसूत्र आणि शिवणयंत्र या तिन्ही वस्तू भिशीतून आल्या.

स्वतः गिरणीत कमावणाऱ्या बायकांची कहाणी थोडी निराळी आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांत साधारण पाचव्या हिश्शाएवढ्या स्त्रिया होत्या, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. भारतात अशा प्रकारचा तो पहिलाच. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी याच खात्यांतल्या बायकांना संपात आणि मोर्चात आणले. परंतु रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे आणि बाळंतपणाचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती यांमुळे बायकांची संख्या घटत गेली. कमावती बाई घरी आली म्हणून चूल दुसऱ्या कुणाच्या हाती गेली नाही. पहाटे पाणी भरणे, भाकऱ्या, पाळी आणि परत चूल असा तिचा दिवस राहिला. शिरास यांच्या अहवालात कामगारांच्या तान्ह्या मुलांना अफू देण्याची जी भयानक नोंद आहे, ती या दिवसाच्या आत ठेवूनच वाचली पाहिजे. मूल निजून राहावे म्हणून अफूची गोळी देणारी आई निष्काळजी नव्हती. दहा तास तिच्या मुलाकडे पाहणारे दुसरे कोणी त्या शहरात नव्हते.

दोन चुलींच्या या व्यवस्थेची ताकद संपात दिसून आली. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने, चालला. एवढा काळ पगाराशिवाय काढणे ज्यांना जमले त्यांतले कितीतरी लोक गावी परतले होते. कामगार शेतकरी राहिला म्हणून तो कच्चा कामगार, असे त्या काळचे मालक आणि अधिकारी म्हणत. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिले, की गावाशी असलेले नाते कामगाराला लढण्याचे बळ देत होते. या मांडणीत एकच भर घालायची: ते बळ ‘गाव’ नावाच्या एखाद्या अमूर्त गोष्टीत नव्हते. ते कणगीतल्या भातात होते आणि त्या भाताला लावणीपासून झोडणीपर्यंत हात लागले होते ते संपकऱ्यांच्या बायकांचे. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या रचनेने गावी राहिलेल्या बायकोचा विरह मराठी माणसाच्या ओठांवर कायमचा ठेवला. तिच्या कष्टांची वही मात्र कुणी ठेवली नाही. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये आला आणि वारस म्हणून कुणाचे नाव लावायचे हे कामगाराला अर्जात भरावे लागू लागले. लिहिणाऱ्या कारकुनाला बायकोचे पूर्ण नाव सांगण्याची वेळ पुष्कळांवर तेव्हा पहिल्यांदा आली असेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. महिने उलटले, गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत, आणि गिरणगावातल्या डाकघरांपुढच्या रांगा ओसरल्या. ज्यांची कुटुंबे तोवर मुंबईत आली होती तिथे बायका धुणी-भांडी, पोळी-भाजीचे डबे, पापड, शिवणकाम अशा कामांना लागल्या, आणि पगारदार नवऱ्याच्या घरातला पैसा आता त्यांच्या हातून येऊ लागला. ज्यांची बायको अजून गावी होती त्यांच्याकडे प्रवाहाची दिशा उलटी झाली. एस.टी.च्या टपावर बांधलेल्या गोणींतून तांदूळ, नाचणीचे पीठ, कुळीथ आणि सुकी मासळी रत्नागिरी-सिंधुदुर्गातून परळ, लालबाग, वरळीला येऊ लागली. गोणीच्या तोंडाला सुतळी बांधलेली असे आणि वर कोळशाने खोली क्रमांक आणि चाळीचे नाव लिहिलेले असे, बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलाच्या अक्षरात. या पाठवणीला ना अर्ज होता, ना कूपन, ना पोच.